स्टेटसवरून पोलीस स्टेशनला बोलावलंय : जायचं का, मोबाईल द्यायचा का, अटक होईल का?

बाकीच्यांसाठी प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. विचारणाऱ्यांचा धाकटा भाऊ २२ वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतोय. त्याने व्हॉट्सॲपला एक स्टेटस ठेवलं, गावातल्याच कुणीतरी स्क्रीनशॉट काढून तक्रार दिली आणि काल संध्याकाळी स्टेशनमधून फोन आला की उद्या अकराला येऊन जा, मोबाईल घेऊन ये. वडील म्हणतात हात जोड, माफी माग, मिटवून टाक. मित्र म्हणतात संविधानात अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम १९ आहे, अजिबात जाऊ नको, कुणी काही वाकडं करू शकत नाही. आणि मोठे भाऊ विचारतायत की नक्की करायचं काय.

मी तालुका आणि जिल्हा कोर्टात क्रिमिनलची वकिली करतो, आणि हल्ली स्टेटसच्या भानगडी नाहीत असा महिना जात नाही. त्या अनुभवावरून सांगतो, वडील आणि मित्र दोघांचंही ऐकू नका. दोघंही स्टेटस बरोबर होतं की चूक याच्यावर भांडतायत. त्याचा निकाल उद्या अकरा वाजता ठाणे अंमलदाराच्या टेबलावर लागणार नाहीये, तो लागलाच तर खूप पुढे, कोर्टात लागेल. उद्यासाठी प्रश्न एकच, तुमच्या भावाला बोलावलंय ते कुठल्या कागदावर? साक्षीदार म्हणून, आरोपी म्हणून, समज देण्यासाठी, की नुसतंच तोंडी? त्याचे हक्क यावरून बदलतात, उत्तर द्यायचं की नाही ते बदलतं, मोबाईलचं उत्तरसुद्धा बदलतं.

मी असं का म्हणतो त्यासाठी आपल्याच भागातली एक केस सांगतो. ऑगस्ट २०२२, कोल्हापूर जिल्हा, कॉलेजमध्ये शिकवणारे काश्मीरचे एक प्राध्यापक. त्यांनी स्टेटसला ठेवलं की ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. हातकणंगले पोलीस स्टेशनला १५३-अ खाली, म्हणजे समाजांत तेढ पसरवल्याचा गुन्हा दाखल झाला. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांचं खंडपीठ, केसचं नाव जावेद अहमद हजाम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. कोर्ट म्हणालं ३७० काढल्यावर टीका करायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, आणि दुसऱ्या देशाला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या म्हणून दोन धर्मांत तेढ पसरत नाही. वर असंही म्हणाले की अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय हे आता पोलीस यंत्रणेला शिकवायची वेळ आलीय.

म्हणजे कलम १९ खरंच आहे आणि ते चालतं, मित्र तेवढ्यापुरते बरोबर आहेत. पण ऑगस्ट २०२२ च्या स्टेटसचा निकाल मार्च २०२४ ला, तोही दिल्लीहून! मधल्या दीड वर्षात माणूस तारखा करतो, नोकरीत प्रश्न विचारले जातात, लग्नाच्या बोलणीत विषय निघतो. या मधल्या काळात माणसाला सांभाळतात ती संविधानाची कलम २०, २१ आणि २२, आणि ती स्टेशनमध्ये कामाला येतात ती कागदाच्या आणि घड्याळाच्या रूपात. संविधान सभेत आजच्या कलम २१ मधल्या "कायद्याने ठरवलेली पद्धत" या शब्दांवरून वाद झाला होता, की हे फारच ढिलं आहे, संसदेने कुठलाही कायदा केला की माणसाला आत टाकता येईल. तेव्हा सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी भरपाई म्हणून कलम १५-अ आणलं, तेच आजचं कलम २२. अटकेची कारणं सांगा, वकील भेटू द्या, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा. भाषणात टाळ्या घेणारं कलम नाहीये हे, पण माझं रोजचं काम याच्यावरच चालतं.

आता कागदाकडे या. आपल्याकडे बोलावणं साधारण चार प्रकारे येतं. (१ जुलै २०२४ पासून सीआरपीसी, म्हणजे जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता, जाऊन बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली त्यामुळे नंबर बदललेत, स्टेशनमध्ये अजून जुनेच बोलतात, म्हणून दोन्ही देतो.)

एक म्हणजे कलम १७९, जुनं १६०, साक्षीदार म्हणून. हा आदेश लेखीच असावा लागतो, आणि माणूस त्या स्टेशनच्या किंवा शेजारच्या स्टेशनच्या हद्दीतला पाहिजे. बाई असेल, १५ वर्षांच्या आतला किंवा ६० च्या वरचा पुरुष असेल, आजारी किंवा अपंग व्यक्ती असेल तर तिने स्टेशनला जायची गरज नाही, पोलिसांनी घरी यायचं. उद्या आईला किंवा वहिनीला बोलावलं तर हे लक्षात ठेवा, कारण घरच्या बायकांना बोलावून दबाव आणणं हा प्रकार चालतो.

दुसरं कलम ३५ पोटकलम ३, जुनं ४१-अ. ही आरोपीला हजर राहायची नोटीस. ही आली म्हणजे संशय तुमच्या भावावरच आहे. लोक ही नोटीस बघून घाबरतात, मला उलट बरं वाटतं, कारण नोटीस पाळत राहिला तर त्या गुन्ह्यात त्याला अटक करता येत नाही, करायची झाली तर पोलिसांना वेगळी कारणं लिहावी लागतात. आणि ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ ला सांगितलं, जुलैमध्ये परत सांगितलं. पण व्हॉट्सॲपवर आली तर "ही नोटीसच नव्हे" म्हणून घरी बसू नका हां, तो मुद्दा वकिलासाठी राखून ठेवा.

तिसरं कलम १६८, सगळ्यांना माहीत असलेली जुनी "१४९ ची नोटीस". सणावाराला, निवडणुकीला, मोर्चाच्या आधी घरोघरी येते तीच. ही प्रतिबंधात्मक आहे, यात गुन्हा दाखल नसतो, घ्या, सही करा, तारीख टाका, कॉपी ठेवा. तिच्या मागोमाग चॅप्टर केसचं, म्हणजे शांतता राखायचा बॉण्ड लिहून घेण्याचं प्रकरण निघू शकतं, पण ते इथे वाढवत नाही.

चौथा प्रकार सगळ्यात जास्त होतो आणि तुमचा बहुतेक तोच आहे. कागद काहीच नाही, नुसता फोन, "साहेबांनी बोलावलंय". कायद्याने अशा फोनवर जायचं बंधन नाही. तरी मी जाऊ नका म्हणत नाही, कारण "बोलावूनही येत नाही, फोन बंद आहे, सहकार्य करत नाही" हीच वाक्यं पुढे अटकेची कारणं म्हणून लिहिली जातात, आणि ती आपणच लिहून दिल्यासारखं होतं. मग काय करायचं? साधा अर्ज लिहा, मराठीत, पाच-सहा ओळींचा. अमुक तारखेला अमुक वाजता अमुक नंबरवरून फोन आला, मी चौकशीला सहकार्य करायला तयार आहे, कुठल्या प्रकरणात आणि कुठल्या कलमाखाली बोलावलंय त्याची लेखी नोटीस मिळावी. दोन प्रती काढा, अकराच्या आधी वकिलाबरोबर जा, आवकला एक प्रत द्या आणि आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर (ओसीवर) शिक्का, तारीख, वेळ घ्या. शिक्का दिला नाही तर तोच अर्ज स्टेशनच्या आणि एसपी ऑफिसच्या ईमेलवर टाका, पोस्टाने रजिस्टर करा. यात भांडण नाही, आवाज चढवणं नाही. अंमलदारसुद्धा माणूसच असतो, त्याला वरून फोन असतो, बाहेर पन्नास जण जमून घोषणा देत असतात. जून २०२३ ला कोल्हापुरात स्टेटसवरूनच दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं, ते त्याच्या डोक्यात असतं. त्याच्यावर ओरडलात तर त्याला काम सोपं होतं, शिक्का मागितलात तर मात्र त्याला विचार करून पाऊल टाकावं लागतं.

जायच्या आधी अजून एक बघा. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रसिद्ध झालेले एफआयआर दिसतात, जिल्हा आणि स्टेशन टाकून शोधा. २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने एफआयआर २४ तासांत अपलोड करायचा असतो, अडचण असेल तिथे थोडा जास्त वेळ. संवेदनशील म्हणून काही गुन्हे टाकत नाहीत आणि धर्माचा विषय असला की बऱ्याचदा टाकतच नाहीत, त्यामुळे दिसला नाही म्हणजे गुन्हा नाही असं समजू नका, पण दिसला तर कलमं कळतात आणि निम्मं काम होतं.

आणि गुन्हा अजून दाखल नसेल तर इथे एक चांगली जागा आहे. बीएनएसएसच्या १७३(३) प्रमाणे तीन वर्षं किंवा जास्त पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपींच्या परवानगीने आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. २८ मार्च २०२५ ला खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या केसमध्ये, जामनगरला सोशल मीडियावरच्या एका कवितेवरून गुन्हा झाला होता तो, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बोलण्या-लिहिण्यावरून असा गुन्हा असेल तर आधी ही चौकशी करणं योग्य. म्हणजे पोलिसांना "तक्रार आली म्हणून घ्यावाच लागला" हे सरसकट म्हणता येत नाही. वकिलाला सांगा, त्याच अर्जात ही एक ओळ टाका.

आत गेल्यावर काय बोलायचं? नाव, गाव, पत्ता, नंबर, हे खरं सांगायचं, त्यात आढेवेढे नकोत. स्टेटसबद्दल विचारलं की मामला वेगळा. कलम २०(३) सांगतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, आणि १९७८ च्या नंदिनी सत्पथी केसपासून हे पोलीस चौकशीलाही लागू आहे, नुसतं कोर्टातल्या पिंजऱ्यापुरतं नाही. बीएनएसएस १८० मध्येही हेच आहे, ज्या उत्तराने आपल्यावर गुन्हा येऊ शकतो ते द्यायचं बंधन नाही. आता प्रत्येक प्रश्नाला गप्प बसायचं का, तर ते प्रकरणावर अवलंबून. स्टेटस त्याचंच आहे, शंभर जणांनी बघितलंय, मजकूर साधी टीका आहे, तर "होय माझं आहे, हेतू असा असा होता" हे मी बऱ्याचदा सांगू देतो, लेखी आणि आधी वाक्य ठरवून. मजकुरात कुणाच्या देवाधर्माचं, जातीचं काही असेल, किंवा फोन दुसऱ्या कुणी वापरला असेल, तर "मी वकिलाच्या सल्ल्याने लेखी उत्तर देईन" एवढंच.

पोलिसांनी जबाब लिहिला तर त्याच्यावर सही करायची नसते हे बहुतेकांना माहीतच नाही. कलम १८१, जुनं १६२, स्पष्ट म्हणतं की तपासातल्या जबाबावर सही घ्यायची नाही. नोटीस मिळाल्याची पोच, पंचनामा, यावर सही ठीक. कोऱ्या कागदावर कधीच नाही, "साहेब नंतर भरतील" तरी नाही.

आता वडिलांचा मुद्दा, माफी. वडिलांना समजावून सांगा, त्यांची काळजी खरी आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात येत नाही, आधी एव्हिडन्स ॲक्टचं कलम २५, आता साक्ष अधिनियमाचं २३. पण हल्ली मुलाला उभं करून मोबाईलवर व्हिडिओ घेतात, "मी अमुक स्टेटस टाकलं, माझी चूक झाली, मी माफी मागतो", आणि तो गावाच्या ग्रुपवर फिरतो. कधी तो पोलिसांपुढे नाही तर गावच्या चार पुढाऱ्यांपुढे घेतलेला असतो, तेव्हा वरचं संरक्षण लागू होईलच असं नाही, ती पोलिसांबाहेरची कबुली म्हणून वापरायचा प्रयत्न होतो. शिवाय व्हिडिओने प्रकरण मिटतं हाही गैरसमज, तक्रारदार गुन्हा दाखल करायला मोकळाच असतो आणि त्याच्या हातात आता कबुलीही असते. कुणाचं मन खरंच दुखावलं असेल आणि भावाला मनापासून वाटत असेल तर खेद जरूर व्यक्त करावा, पण वकिलाने बघितलेल्या दोन ओळींत, "कुणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नव्हता, दुखावल्या असतील तर खेद आहे". यात हेतू नाकारलाय हे बघा. पुढे सांगतो ते तिन्ही गुन्हे हेतूवर उभे असतात.

माफीने सगळं थांबतं असं नसतं याचं पुण्याचं उदाहरण बघा. मे २०२५, इंजिनिअरिंगची १९ वर्षांची विद्यार्थिनी, ऑपरेशन सिंदूरवरची एक पोस्ट तिने शेअर केली, धमक्या आल्यावर काही तासांत काढली, माफी मागितली, तरी अटक झाली, येरवड्याला गेली, कॉलेजने काढून टाकलं. मुंबई हायकोर्टाच्या सुट्टीतल्या खंडपीठाने तिला २७ मेला जामिनावर सोडलं, सरकारला चांगलंच सुनावलं आणि परीक्षेला बसू द्या म्हणाले.

स्टेटस २४ तासांत आपोआप जातं म्हणून तो प्रश्न तुमच्याकडे नाही, पण मेसेज डिलीट करणं, फोन रिसेट मारणं हे करू नका. कागद किंवा डिजिटल रेकॉर्ड नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे आणि जामिनाच्या वेळी सरकारी वकील पहिला मुद्दा तोच काढतात. उलट त्या दिवशीची सगळी स्टेटसं, आधीची-नंतरची, संदर्भासकट स्क्रीनशॉट काढून मोठ्या भावाकडे ठेवा. बऱ्याच प्रकरणात तक्रारदार चारपैकी एकच तुकडा देतो.

मोबाईल. इथे खरंच सरळ हो-नाही नाही. साक्षीदाराला बीएनएसएसच्या कलम ९४ खाली वस्तू हजर करायला सांगता येतं, आणि नव्या कायद्यात मोबाईलसारखी साधनं त्यात नाव घेऊन आलीत. पण आरोपीला असा समन्स काढून स्वतःविरुद्धचा पुरावा आणायला लावता येत नाही, हे जुन्या कायद्यातल्या तशाच कलमाबद्दल सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी १९६४ मध्येच सांगितलंय. म्हणून मी म्हणतोय आधी ठरवून घ्या की भाऊ कोण आहे, साक्षीदार की आरोपी. आरोपीचा फोन हवा असेल तर पोलीस झडती-जप्ती करू शकतात, ती त्यांची पॉवर आहेच, तिला अडवायचं नाही, हिसकाहिसकी तर अजिबात नाही. पण मग ती जप्ती नीट झाली पाहिजे, पंचनामा, दोन पंच, आयएमईआय नंबर, आणि कलम १०५ प्रमाणे व्हिडिओ चित्रीकरण. पंचनाम्याची कॉपी मागा. "राहू दे इथे, दोन दिवसांनी ने" असं म्हणून कागदाशिवाय ड्रॉवरमध्ये टाकलेला मोबाईल हा सगळ्यात वाईट, कारण त्या दोन दिवसांत त्यात कुणी काय उघडलं हे पुढे कुणालाच सिद्ध करता येत नाही.

पासवर्डचं काय? बोटाचे ठसे, हस्ताक्षर घेता येतं, ती "साक्ष" नव्हे, हे १९६१ ला ११ न्यायमूर्तींनी काठी कालू प्रकरणात सांगितलं. डोक्यात काय आहे ते जबरदस्तीने काढता येत नाही, हे २०१० ला सेल्वी केसमध्ये, नार्कोबद्दल. पासवर्ड यातल्या कुठल्या खणात बसतो यावर हायकोर्टांची मतं एकसारखी नाहीत. माझी पद्धत अशी, नम्रपणे लेखी द्यायचं की कलम २०(३) खाली पासवर्ड सांगायला मी बांधील नाही असा माझा समज आहे, कोर्टाने आदेश दिल्यास विचार करीन. याची किंमतही सांगतो, फोन एफएसएलला, म्हणजे सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो आणि लवकर परत येत नाही. मुद्देमाल परत मिळायचा अर्ज करता येतो, पण भरतीचे फॉर्म, ओटीपी, बँक सगळं त्या नंबरवर असेल तर आजच डुप्लिकेट सिमची सोय बघून ठेवा. काही जण फोनमध्ये लपवण्यासारखं काही नाही म्हणून उघडून देतात, तोही निर्णय असू शकतो, पण मग त्यातले मित्रांचे ग्रुप, घरच्या बायकांचे फोटो, सगळंच उघडलं हे समजून.

अटक होईल का? स्टेटसच्या प्रकरणात सहसा बीएनएसची, म्हणजे आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेची तीन कलमं लागतात : १९६ (जुनं १५३-अ, समाजांत तेढ पसरवणं), २९९ (२९५-अ, मुद्दाम धार्मिक भावना दुखावणं), ३५३(२) (५०५-२, तेढ वाढवणारा मजकूर पसरवणं). तिन्ही दखलपात्र, तिन्ही अजामीनपात्र, म्हणून ऐकायला भयानक वाटतात. साध्या प्रकरणात शिक्षा मात्र तिन्हींना तीन वर्षांपर्यंत. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे याची कारणं लिहावी लागतात, नाहीतर नोटीस देऊन सोडायचं, हे २०१४ च्या अर्णेश कुमार निकालापासून पक्कं आहे आणि मॅजिस्ट्रेटनेही ती कारणं तपासायची असतात. त्यामुळे पत्ता पक्का, हजर राहणारा, रेकॉर्ड नसलेला २२ वर्षांचा मुलगा, मजकूर साधा, तर कायद्याने अटकेची गरज नाही. पण गावात तणाव असेल, मोर्चा निघाला असेल, तर "त्याच्याच सुरक्षेसाठी" म्हणून आत घेतात हे मी पाहिलंय. जातीवरून काही असेल आणि ॲट्रॉसिटी लागली तर अटकपूर्व जामिनाला त्याच कायद्याचं कलम १८ आडवं येतं. बीएनएसचं कलम १५२, म्हणजे जुन्या राजद्रोहाची नवी आवृत्ती, लावलं तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते आणि वरचं सगळं गणित बदलतं. आणि आयटी कायद्याचं ६६-अ दिसलं तर मला जरूर कळवा, ते कलम २४ मार्च २०१५ लाच रद्द झालंय, त्या याचिकेची सुरुवातच आपल्या पालघरच्या दोन मुलींच्या फेसबुक पोस्टवरच्या अटकेवरून, २०१२ ची गोष्ट.

भीती खरीच वाटत असेल तर सेशन्स कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकता येतो. बऱ्याचदा पोलीस तिथे सांगतात की आम्ही नोटीस देणार आहोत, आणि कोर्ट अटकेआधी ७२ तासांची नोटीस द्या असा आदेश करून अर्ज निकाली काढतं. क्लायंटला वाटतं जामीन मिळालाच नाही, पण ते ७२ तास म्हणजे हायकोर्टापर्यंत पोचायचा वेळ असतो.

समजा अटक केलीच. तेव्हा घरच्यांनी रडारड न करता पहिली गोष्ट करायची, घड्याळ बघायचं. किती वाजता आत नेलं, कुणी नेलं, बाहेर कुणी बघितलं, लगेच लिहून काढा. २४ तास मोजायचे ते कागदावरच्या अटकेच्या वेळेपासून नाही, हिंडण्या-फिरण्याचं स्वातंत्र्य गेलं तेव्हापासून, हे मुंबई हायकोर्टाने कस्टम्सच्या एका केसमध्ये १९९० लाच सांगितलंय. सकाळी अकराला बसवून ठेवायचं आणि रात्री दहाला अटक दाखवायची ही जुनी सवय आहे, म्हणूनच तो आवकचा शिक्का मी सांगितला, त्याच्यावर अकराची वेळ असते. स्टेशनमध्ये सीसीटीव्ही असलेच पाहिजेत असा सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे, फुटेज जपून ठेवा असा अर्ज त्याच दिवशी द्या. आणि शुक्रवारी संध्याकाळी उचललं म्हणजे सोमवारपर्यंत आत असंही नाही, रविवारी हॉलिडे कोर्ट असतं.

अटकेची कारणं लेखी, आणि आरोपीला समजेल त्या भाषेत दिली पाहिजेत, सगळ्या गुन्ह्यांत. नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या प्रकरणात हे सांगितलं, जागेवर लेखी देणं शक्य नसेल तर आधी तोंडी आणि मग रिमांडला उभं करायच्या किमान दोन तास आधी लेखी. नाही दिलं तर अटक आणि रिमांड बेकायदेशीर. त्यात "चौकशीसाठी आवश्यक" एवढं छापील वाक्य असेल तर ते कारण नव्हे, तुमच्या भावाने काय केलं आणि त्याला आत ठेवणं का जरूर आहे ते हवं. घरच्या माणसाला कळवणं, अटक पंचनाम्यावर साक्षीदाराची सही, वैद्यकीय तपासणी, चौकशीदरम्यान वकिलाला भेटणं (पूर्ण वेळ शेजारी बसणं नाही, पण भेटणं), हे सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालापासून आहे आणि आता कायद्यातच आहे. मारहाण झाली असेल तर मॅजिस्ट्रेटने विचारल्यावर सांगायचं, तिथे लाजून किंवा घाबरून "काही नाही साहेब" म्हणालं की पुढे अवघड होतं. पैशाची अडचण असेल तर कस्टडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० ला फोन करा.

मजकुराबद्दल मुद्दाम शेवटी बोलतोय. तुम्ही तो दिला नाहीत ते बरं केलंत, इथे टाकूही नका, ज्यावरून तक्रार झालीय ते परत पसरवणं नको. ढोबळ सांगायचं तर सरकारवर, निर्णयावर, नेत्यावर टीका असेल, टोमणा असेल, अगदी कडवट असेल, तरी भाऊ सुरक्षित जागी आहे. कोर्ट कुणाच्या चष्म्यातून बघतं याचं सूत्रही आपल्याकडचंच, नागपूर हायकोर्टाच्या न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सांगितलं होतं की शब्दांचा परिणाम खंबीर, समजूतदार माणसावर काय होईल ते बघायचं, प्रत्येक गोष्टीत धोका दिसणाऱ्या डळमळीत मनावर नाही. हातकणंगलेच्या निकालात तेच वापरलंय. दोन समाजांचं नाव घेऊन एकाविरुद्ध दुसऱ्याला चिथावणं, "यांना धडा शिकवा" छापाचं काही, किंवा श्रद्धास्थानाबद्दल जाणूनबुजून घाण लिहिणं, इथे १९(२) चे निर्बंध सुरू होतात आणि तिथे मी पण क्लायंटला खोटी आशा देत नाही. १९६ आणि २९९ मध्ये खटला चालवायला सरकारची आधी मंजुरी लागते, बीएनएसएसचं कलम २१७, पण ती खटल्यासाठी, अटकेसाठी नाही, हा घोळ लोक नेहमी करतात.

तर उद्या सकाळचं एकदा परत : आज रात्री स्क्रीनशॉट, वकिलाला फोन, अर्जाच्या दोन प्रती, पोर्टलवर शोध. सकाळी भाऊ, वकील आणि घरचा एकच माणूस. मित्रांची फौज नको, लाइव्ह नको. (नागपूर खंडपीठाने २०२२ ला म्हटलंय की पोलीस स्टेशन हे गोपनीयता कायद्यातलं निषिद्ध ठिकाण नाही, तिथे व्हिडिओ काढला म्हणून तो गुन्हा लागत नाही, पण उद्या त्यावरून वाद घालायची गरज नाहीये.) शिक्का घ्या, नोटीस मागा, मिळाली तर त्यातल्या तारखा एकही न चुकवता पाळा. गुन्हा दाखल झालाच आणि मजकूर खरंच साधा असेल, तर बीएनएसएस ५२८ खाली हायकोर्टात रद्द करायला जाता येतं, त्याची घाई उद्याच नको, आधी कागद हातात येऊ द्या.

आणि भरतीचं, जे तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंत. नुसती तक्रार किंवा १६८ ची नोटीस म्हणजे गुन्हा नोंद नव्हे. एफआयआर झाला तर चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्यायचं, प्रलंबित असेल तर प्रलंबित, रद्द झाला असेल तर निकालाच्या प्रतीसह. लपवू नका. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की गुन्हा किरकोळ असेल, खरं सांगितलं असेल तर नेमणूक करणाऱ्याने सारासार विचार करायचा असतो, लपवलं तर त्या एकाच कारणावरून उमेदवारी जाऊ शकते. पोलीस खात्यात तर हे जास्तच बारकाईने बघतात. मैदानी चाचणीची तारीख नोटिशीच्या तारखेवर आली तर आधीच तपासी अधिकाऱ्याला हॉल तिकिटाची झेरॉक्स जोडून लेखी कळवा आणि पुढची तारीख मागा, याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.